‘पाणी पाजणे’ म्हणजे काय? प्रश्नपत्रिकेतल्या मराठीची गोष्ट



आज आपण प्रश्नपत्रिकेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्हाला शाळा सोडून इतकी वर्षं झाली, आता कसली प्रश्नपत्रिका? पण आपल्या बचत गटांत अशा खूप जणी आहेत, ज्यांची लेक, सून नाहीतर नणंद पोलीस भरतीचा, तलाठी भरतीचा अभ्यास करते आहे. काही जणी तर लेकरं झोपली की स्वतःच पुस्तक उघडतात. या परीक्षांमध्ये गणित असतं, सामान्य ज्ञान असतं आणि मराठीही असते. गणिताची धास्ती सगळ्यांनाच असते. मराठी तर आपलीच भाषा, ती काय अवघड, असं वाटतं. मग निकाल लागतो, आणि गुण मराठीतच गेलेले असतात.

हे गुण थोडेथोडके नसतात. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा बघा. साडेचार हजारांहून जास्त जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. त्यातले २५ प्रश्न मराठीचे, म्हणजे ५० गुण. एवढ्या गर्दीत एका वाक्प्रचाराचे दोन गुण गेले, तरी यादीतलं नाव खाली जातं.

आता असा प्रश्न कसा असतो ते ऐका. ‘पाणी पाजणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा. पर्याय चार: तहान भागवणे, पराभव करणे, मदत करणे, पाहुणचार करणे. जिनं आयुष्यभर डोक्यावर हंडे वाहिले, आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या दिला, तिला पहिला नाहीतर चौथा पर्याय बरोबर वाटणारच. उत्तर आहे, पराभव करणे.

असं उत्तर चुकलं की मुलगी म्हणते, ‘आपली भाषाच अशुद्ध आहे.’ मग घरातलेच कुणी म्हणतात, ‘घरात अहिराणी बोलणं बंद करा, पोरीचं नुकसान होतंय.’ आम्हाला आज याच वाक्यावर बोलायचं आहे. प्रश्नपत्रिकेतली मराठी कुठून आली, ती कुणी ठरवली, आणि तिच्यात आपल्या खान्देशातल्या बायांचा वाटा किती, हे नीट समजलं, तर भीतीही कमी होते आणि गुणही वाढतात.

व्याकरण कुणी लिहिलं?

मराठी बोलणारी माणसं हजार वर्षांपासून आहेत. तिचं व्याकरण छापलं गेलं ते मात्र खूप उशिरा. १८०५ साली विल्यम केरी नावाच्या इंग्रज मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. ते इंग्रजीत होतं, कारण मराठी शिकायची होती ती इंग्रजांना. १८१८ साली पेशवाई गेली, आपला खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि कारभारासाठी साहेब लोकांना आपली भाषा समजून घेणं भाग पडलं. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मोठा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला. तोही त्याच गरजेतून.

मराठी मुलांसाठी मराठीतून लिहिलेलं महत्त्वाचं व्याकरण आलं १८३६ साली. लिहिणारे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. आजही स्पर्धा परीक्षेत विचारतात, ‘मराठी भाषेचे पाणिनी कुणाला म्हणतात?’ उत्तर, दादोबा पांडुरंग. तेव्हा हे नाव लक्षात ठेवा.

दादोबांपुढे दोन नमुने होते. एक संस्कृत व्याकरणाचा आणि दुसरा इंग्रजी व्याकरणाचा. मराठीचं अंग मोजून त्यांनी या दोन्ही कापडांतून तिला कपडे शिवले. आपण पाठ करतो त्या शब्दांच्या आठ जाती, म्हणजे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी, ही मांडणी इंग्रजीच्या धर्तीवरची आहे. आणि प्रथमेपासून संबोधनापर्यंतच्या आठ विभक्ती संस्कृतच्या धर्तीवरच्या आहेत. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि या सगळ्याची बारीक चर्चा केली. आज अभ्यासिकेत मुलींच्या हातात मो. रा. वाळंबे यांचं पुस्तक दिसतं. त्याच्यामागे ही सगळी परंपरा उभी आहे.

आणि तेव्हा बाया कुठे होत्या? दादोबांचं व्याकरण छापलं तेव्हा आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलीला शाळेचं दारही माहीत नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे व्याकरण छापून बारा वर्षं झाल्यावर. पुढेही कितीतरी वर्षं मराठी सातवीची परीक्षा, तिला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत, पास होऊन मास्तर नाहीतर तलाठी होणारे बहुतेक पुरुषच होते. परीक्षेतून नोकरी ही वाट जुनी आहे. आपल्या लेकी त्या वाटेवर उशिरा आल्या, एवढंच.

दोन कापडं जुळतात तिथे प्रश्न अडतो

दोन कापडं जोडली की शिवणीवर थोडं ओढल्यासारखं होतं. परीक्षेतले फसवे प्रश्न नेमके या शिवणीवरून काढलेले असतात.

हे वाक्य घ्या: ‘रमाने गाईला चारा घातला.’ आणि हे दुसरं: ‘रमाने गाईला हाकलले.’ दोन्हीकडे ‘गाईला’ हाच शब्द आहे. मग विभक्ती एकच का? तर नाही. संस्कृतात कर्माची विभक्ती वेगळी दिसते आणि ज्याला काही द्यायचं त्याची वेगळी दिसते. मराठीत दोन्हींना ‘ला’ लागतो. म्हणून नुसता प्रत्यय बघून भागत नाही, अर्थ बघावा लागतो. पहिल्या वाक्यात गाईला काहीतरी दिलं, ती चतुर्थी. दुसऱ्या वाक्यात हाकलण्याचं काम थेट गाईवर झालं, ती द्वितीया. ‘काही दिलं का?’ हा एक प्रश्न मनात विचारला की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

दुसरी अडचण प्रयोगाची. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं ऐकूनच घाबरायला होतं. त्याची परीक्षा आपण चुलीपाशी बसून करू शकतो.

‘सीमा भाकरी भाजते.’ सीमाच्या जागी राजू ठेवा. ‘राजू भाकरी भाजतो.’ भाजणारा बदलला तसं क्रियापद बदललं. हा कर्तरी.

‘सीमाने भाकरी भाजली.’ इथे राजू ठेवला तरी ‘राजूने भाकरी भाजली’ असंच राहतं. पण एका भाकरीच्या चार करा: ‘सीमाने भाकऱ्या भाजल्या.’ क्रियापद भाकरीच्या मागे गेलं. हा कर्मणी.

‘सीमाने मुलीला उठवले.’ सीमाच्या जागी राजू आणा, मुलीच्या जागी मुलगा आणा, चार मुलं आणा, ‘उठवले’ तसंच राहतं. क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. हा भावे.

क्रियापद कुणाचं ऐकतं एवढं बघायचं. व्याख्या पाठ नसली तरी उत्तर येतं.

काल बरोबर होतं ते आज चूक

आता शुद्धलेखनाकडे येऊ. कुणाच्या घरात आजेसासऱ्यांची जुनी पत्रं असतील तर काढून बघा. त्यांत ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’ असं डोक्यावर टिंब देऊन लिहिलेलं सापडेल. तेव्हा तेच शुद्ध होतं. टिंब नसलं तर मास्तर छडी मारत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळानं लेखनाचे नवे नियम केले आणि सरकारनं ते मानले. १९७२ साली त्यांत भर पडून एकूण अठरा नियम झाले. ज्या टिंबाचा उच्चार होत नाही आणि ज्यानं अर्थही बदलत नाही, ते या नियमांनी काढून टाकलं. आज ‘नांव’ लिहिलं तर गुण जातो.

यातून एक गोष्ट समजून घ्यायची. शुद्ध आणि अशुद्ध हे माणसांनी बसून ठरवलेलं असतं आणि ते बदलतंही. सगळ्यांना एकमेकांचं लिहिलेलं वाचता यावं, सातबारा, अर्ज, कायदा सगळीकडे एकसारखा लिहिला जावा, म्हणून असे नियम लागतात. ते शिकायचे, मनापासून शिकायचे. पण ज्याला ते येत नाहीत तो माणूस कमी, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही.

या नियमांतला परीक्षेला हमखास येणारा एक सांगतो. ‘गरीब’ मध्ये री दीर्घ, पण ‘गरिबाला’ मध्ये रि ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘मूल’ दीर्घ, ‘मुलाला’ ऱ्हस्व. शब्द लांबला की आतलं अक्षर आखडतं. पण ‘गुण’, ‘विष’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ते आधीपासून ऱ्हस्वच असतात.

आपली बोली आणि पेपरातली भाषा

खान्देशातल्या मुलीला आणखी एक ओझं असतं, ते पुण्याच्या मुलीला नसतं. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री, शिंदखेडा या बाजूला घरात अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. शिरपूर, चोपड्याच्या सातपुड्यात पावरी. आणि शाळेत प्रमाण मराठी.

ग्रिअरसन नावाच्या अधिकाऱ्यानं इंग्रजांच्या काळात साऱ्या हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. १९०७ साली निघालेल्या खंडात त्यानं खान्देशी मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांसोबत ठेवली. पुढच्या अनेक अभ्यासकांनी तिला मराठीची बोली मानलं. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, आणि ती मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून जास्त आहेत. पंडितांचा वाद चालू राहू द्या. आपल्याला त्यातून इतकं कळतं की अहिराणीला स्वतःचं व्याकरण आहे. ती बिघडलेली मराठी नाही.

बघा ना. प्रमाण मराठीत ‘मला भूक लागली’, आपल्याकडे ‘माले भूक लागनी’. तिथे ‘ला’, इथे ‘ले’. तिथे ‘घरात’, इथे ‘घरमा’. तिथे ‘शेताचा’, इथे ‘शेतना’. म्हणजे विभक्ती आपल्याकडेही आहेत, फक्त प्रत्यय निराळे. प्रमाण मराठीत मुलगा ‘जातो’ आणि मुलगी ‘जाते’. अहिराणीत आंडोरही ‘जास’ आणि आंडेरही ‘जास’. क्रियापदाला इथे मुलगा-मुलगी भेद नाही.

म्हणून आपल्या मुलींच्या चुका कुठे होतील हे आधीच सांगता येतं. आपण ‘डोया’, ‘शाया’ म्हणतो, पेपरात ‘डोळा’, ‘शाळा’ लागतं. आपण ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतो, पेपरात ‘पाणी’, ‘लोणी’. ‘शुद्ध शब्द ओळखा’ असा प्रश्न आला की आपल्या मुलीनं ळ आणि ण असलेल्या शब्दांपाशी एक क्षण थांबायचं. असे शंभर शब्द एका वहीत दोन रकान्यांत लिहून काढा. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पेपरातला. घरचा शब्द खोडायचा नाही. दोन्ही शेजारी असले की फरक लक्षात राहतो.

घरात अहिराणी बंद केल्यानं हा फरक समजत नाही. उलट जिला दोन भाषांतला फरक सांगता येतो, तिला व्याकरण लवकर कळतं, कारण व्याकरण म्हणजे फरक ओळखणंच असतं.

आपल्या मातीत अशा कामाची परंपराही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मराठीच्या शब्दांचा आणि धातूंचा माग काढत गावोगाव हिंडले. त्यांचं देहावसान धुळ्यातच झालं, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे आणि त्यांनी जमवलेल्या धातूंचा कोश त्याच मंडळानं छापला. अलीकडच्या काळात डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. आपल्या बोलण्यातले शब्द कोशात जाण्याच्या लायकीचे आहेत, हे या माणसांनी दाखवून दिलं.

वाक्प्रचार आले कुठून?

व्याकरण पंडितांनी लिहिलं खरं. पण म्हणी आणि वाक्प्रचार कुणी घडवले? त्यांना लेखक नाही. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह छापला. पुढे दाते आणि कर्वे यांनी १९४२ आणि १९४७ साली ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत काढला. या मंडळींनी म्हणी गोळा केल्या, लिहून ठेवल्या. त्या घडल्या होत्या आधीच, शेतात, बाजारात, आडावर आणि चुलीपाशी.

शब्दच पाहा. ‘उखळ पांढरे होणे’, म्हणजे भरपूर फायदा होणे. उखळ पांढरं कधी होतं? घरात कांडायला धान्य असतं तेव्हा. ‘ताकास तूर लागू न देणे’, म्हणजे थांगपत्ता लागू न देणे. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’, म्हणजे नकार देणे. अक्षता तांदळाच्या असतात हे जिला माहीत आहे, तिला वाटाण्याच्या अक्षतांतला नकार लगेच कळतो. उखळ, ताक, आड, अक्षता यांच्याशी रोजचा संबंध कुणाचा होता? बायांचाच. आजच्या मुलीनं उखळ पाहिलेलं नसतं. तिला ते पुस्तकातून पाठ करावं लागतं. तिच्या आजीला ते डोळ्यांसमोर दिसतं.

आता ‘पाणी’ कडे परत येऊ. एका पाण्याचे किती अर्थ! ‘पाणी पाजणे’, पराभव करणे. ‘पाण्यात पाहणे’, द्वेष करणे. ‘पाणी जोखणे’, समोरच्याची ताकद ओळखणे. ‘पाणी सोडणे’, हक्क सोडून देणे. दान देताना हातावरून पाणी सोडतात, ते आठवलं की हा अर्थ विसरत नाही. असंच ‘कान’ चं कुटुंब: कान फुंकणे म्हणजे चहाडी करणे, कान टवकारणे म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, कानावर हात ठेवणे म्हणजे मला काही ठाऊक नाही असं दाखवणे. ‘हात’ चं कुटुंब: हात टेकणे म्हणजे हार मानणे, हातावर तुरी देणे म्हणजे फसवून पळून जाणे. एकेक सुटा पाठ करण्यापेक्षा असे कुटुंबानं शिकले तर गोंधळ होत नाही.

पेपर काढणारे साधारण तीन ठिकाणी फसवतात. पहिली जागा, शब्दशः अर्थ. ‘तहान भागवणे’ हा पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. वाक्प्रचाराचा अर्थ सहसा शब्दांच्या पलीकडे असतो, म्हणून सरळ दिसणाऱ्या पर्यायाकडे संशयानं बघायचं. दुसरी जागा, त्याच कुटुंबातला दुसरा अर्थ. विचारलेलं असतं ‘पाण्यात पाहणे’ आणि पर्यायात ‘ताकद ओळखणे’ ठेवलेलं असतं. तिसरी जागा, प्रश्नातच. ‘अयोग्य जोडी ओळखा’, ‘पुढीलपैकी कोणता अर्थ नाही’, असं विचारलेलं घाईत दिसत नाही. ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘चुकीचा’ या शब्दांवर बोट ठेवून मगच पर्याय वाचायचे. आणि काही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, काहींत नाही. जाहिरातीत ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं.

बहिणाबाई कोणत्या शाळेत गेल्या?

आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, मृत्यू १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्यांच्या ओठी गाणी येत, ती दुसऱ्यांनी लिहून घेतली. त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत आहेत. त्यांच्यावर स्पर्धा परीक्षेत प्रश्न येतात. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं गेलं. व्याकरणाचा तास ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांच्या भाषेचा अभ्यास आज शिकलेली माणसं करतात.

म्हणून ज्या मैत्रिणी म्हणतात, ‘आम्ही अडाणी, पोरीला अभ्यासात काय मदत करणार?’ त्यांना आमचं सांगणं आहे. व्याकरणाच्या व्याख्या तुम्हाला येत नसतील. पण म्हणी येतात, त्यांच्या मागचं जगणं तुम्हाला ठाऊक आहे. भाकरी थापताना, कापूस वेचताना लेकीला एक म्हण विचारा. ती अर्थ सांगेल. मग तुम्ही सांगा, ही म्हण कधी म्हणतात, कुणाला म्हणतात. पुस्तकात एक ओळ असते, तुमच्याकडे प्रसंग असतो. प्रसंगासकट ऐकलेली म्हण परीक्षेच्या खोलीत आठवते.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. एका मुलीला जुनी प्रश्नपत्रिका आणायला सांगा. तिनं वाक्प्रचार वाचायचा, आजीबाईंनी तो कुठून आला असेल ते सांगायचं, आणि कुणीतरी वहीत उतरवायचं. ज्या अहिराणी, लेवा, पावरी म्हणी कुठल्याच पुस्तकात नाहीत, त्याही त्याच वहीत लिहा. त्यांचा परीक्षेला उपयोग होईल न होईल, पण आपल्यानंतर त्या सांगणारं कुणी असेल याची खात्री नाही.

वही भरली की आम्हाला कळवा. त्यातल्या म्हणी तुमच्याच आवाजात आपण रेडिओवर ऐकू. नमस्कार.